टॉवेल, डेटा आणि कार्बन: सोलापूरच्या निर्यातदारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड आणि चिंचोळीच्या एमआयडीसीतले टॉवेल-चादरवाले, त्यांच्यासाठी जॉब वर्क करणारे डाईंगवाले आणि निर्यात करणारे डाळिंब बागायतदार जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. परदेशी बायर ‘कार्बन फूटप्रिंट’ मागतोय. त्याला नेमकं काय द्यायचं?

बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट हवी असते. एक म्हणजे तुमच्या युनिटचं वर्षभराचं उत्सर्जन (कार्बन डायऑक्साइडसारखे तापमान वाढवणारे वायू) टनात, आणि दुसरी म्हणजे एका किलो मालामागचं उत्सर्जन. कोणतं हवं ते ईमेलवर लेखी विचारून घ्या. या दोन्हींची गल्लत झाली की पुढचा सगळा पत्रव्यवहार भरकटतो.

हिशेबाचे तीन कप्पे असतात. स्कोप 1 म्हणजे तुमच्या आवारात जे जळतं ते: बॉयलरचा कोळसा, जनरेटरचं डिझेल, कँटीनचा गॅस. स्कोप 2 म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप 3 मध्ये बाकीचं सगळं येतं: सूत, रंग, बाहेरची रंगाई, ट्रक, जहाज. लहान युनिटने पहिले दोन कप्पे स्वतःच्या बिलांवरून चोख भरावेत. तिसऱ्यात कापसाच्या शेतीपर्यंत मागे जावं लागतं, तिथे बायर बहुधा तयार सरासरी आकडे वापरतो. तुम्ही त्याला फक्त सुताचं वजन, काउंट (सुताची जाडी) आणि वाया गेलेल्या मालाची टक्केवारी द्यायची.

2. एक लिटर डिझेल एक किलोही भरत नाही, मग त्यातून अडीच किलोच्या वर वायू कसा निघतो?

कारण जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन मिळतो. लिटरभर डिझेलचं वजन साधारण 0.84 किलो, त्यात कार्बन 0.72 किलोच्या आसपास. 12 भाग कार्बनला 32 भाग ऑक्सिजन चिकटून 44 भाग कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे 3.67 पट. म्हणून लिटरमागे साधारण 2.68 किलो धरतात. कोळशाचंही तसंच, पण त्यातली राख आणि ओल खाणीनुसार बदलते. सुमारे 4,000 किलोकॅलरीच्या देशी कोळशाला किलोमागे 1.6 किलो हा आकडा व्यवहारात चालतो. आयात कोळसा वापरत असाल तर पुरवठादाराकडून उष्मांकाचा दाखला घ्या. एकाच आकड्याने दोन्ही कोळसे मोजू नका.

3. महावितरणच्या बिलावर इतके आकडे असतात. त्यातला कोणता घ्यायचा?

किलोवॉट-तास, म्हणजे आपण ज्याला युनिट म्हणतो तोच. उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर (किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर) होते आणि बिलात तोच आकडा ठळक दिसतो, म्हणून पुष्कळ जण तोच उचलतात. पॉवर फॅक्टर, म्हणजे किलोवॉट-तास भागिले केव्हीएएच, 0.92 असेल तर केव्हीएएच किलोवॉट-तासापेक्षा जवळपास 9 टक्के जास्त येतो, आणि तेवढं उत्सर्जन फुकट तुमच्या नावावर चढतं. दुसरी चूक मीटरचा फोटो काढून रीडिंग लिहिणाऱ्यांची होते. सीटी मीटरला (करंट ट्रान्सफॉर्मरमार्फत मोजणाऱ्या मीटरला) गुणक असतो. दोन रीडिंगमधला फरक त्या गुणकाने गुणल्याशिवाय खरे युनिट निघत नाहीत. गुणक बिलावर छापलेला असतो.

युनिट मिळाले की देशाच्या ग्रिडच्या उत्सर्जन गुणांकाने गुणायचं. केंद्रीय विद्युत प्राधिकरण तो दरवर्षी जाहीर करतं. 2023-24 साठी तो युनिटमागे 0.727 किलो आहे. ज्या वर्षाची बिलं, त्या वर्षाचा गुणांक.

4. आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचा प्रकल्प आहे. आपली वीज तिथलीच, म्हणजे पूर्ण कोळशाची धरायची का?

नाही. तिथले 660 मेगावॉटचे दोन्ही संच वीज ग्रिडमध्ये सोडतात. तुमच्या मागापर्यंत येणारी वीज कोळसा, पाणी, वारा, सूर्य, अणू अशी सगळी मिसळून येते. चिमणी जवळ आहे म्हणून गुणांक वाढत नाही. त्याच न्यायाने, पलीकडच्या माळावर पवनचक्क्या फिरतात म्हणून तो कमीही होत नाही.

5. एका किलो टॉवेलचा हिशेब करून दाखवा.

समजा, विणाई आणि प्रोसेसिंग दोन्ही एकाच आवारात आहे आणि एका महिन्यात 25,000 किलो तयार माल निघाला.

वीज 42,000 युनिट × 0.727 = 30,534 किलो
कोळसा 20,000 किलो × 1.6 = 32,000 किलो
जनरेटरचं डिझेल 300 लिटर × 2.68 = 804 किलो

बेरीज 63,338 किलो. भागिले 25,000, म्हणजे एका किलो टॉवेलमागे 2.53 किलो. सूत आणि वाहतूक यात धरलेली नाही.

भागताना नगांनी नव्हे, वजनाने भागा. हात पुसायचा नॅपकिन आणि बाथ टॉवेल दोन्ही नगात ‘एक’च असतात, पण वजनात पाचपट फरक असू शकतो. वजनही पाठवलेल्या मालाचं नव्हे, त्या महिन्यात तयार झालेल्या मालाचं घ्या. दिवाळीच्या महिन्यात माग बंद आणि गोदामातला जुना माल रवाना, असं झालं की आकडा खोटा कमी दिसतो. एका महिन्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा बारा महिन्यांची बेरीज करून भागाकार करावा.

या बेरजेत डिझेल दीड टक्काही नाही. तरी जनरेटरचीच चर्चा जास्त होते, कारण त्याचा धूर डोळ्यांना दिसतो. खरं वजन बॉयलरचं आणि वीजबिलाचं आहे.

6. बॉयलरमध्ये बगॅस (उसाचं चिपाड) किंवा ब्रिकेट (काडीकचरा दाबून केलेल्या विटा) जाळतो. मग आमचं उत्सर्जन शून्य धरायचं ना?

अगदी शून्य नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने असल्याने बगॅस मिळतो आणि तो कोळशापेक्षा नक्कीच बरा. उसाने वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच परत हवेत जातो, म्हणून तो स्कोप 1 मध्ये न धरता वेगळ्या ओळीत दाखवतात. पण जळताना निघणारा थोडा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड स्कोप 1 मध्येच मोजावा लागतो, आणि बगॅस आणणाऱ्या ट्रकचं डिझेल स्कोप 3 मध्ये. पडताळणी करणारा सगळ्यात आधी खरेदीची बिलं आणि वजनकाट्याच्या पावत्या मागतो. ‘मिक्स इंधन’ एवढंच लिहिलेलं बिल असेल तर तो सगळं कोळसा धरतो, आणि ते बरोबरच आहे. पावसाळ्यात ओला बगॅस मिळतो, तेव्हा उष्णता कमी पडते आणि कोळशाची भर घातली जाते. ती भर रोजच्या रोज लिहिलेली हवी.

7. रंगाई बाहेर करून घेतो. आणि शेडमध्ये चार जणांचे माग एकाच मीटरवर आहेत. मग कसं?

बाहेरची रंगाई तुमच्या स्कोप 3 मध्ये जाते, पण किलोमागच्या फूटप्रिंटमध्ये ती धरावीच लागते. डाईंगवाल्याकडून दोनच आकडे घ्या: महिन्याला एकूण किती किलो सूत किंवा कापड रंगवलं, आणि एकूण किती वीज व कोळसा लागला. त्यातला तुमच्या किलोंचा वाटा काढा. तो आकडे द्यायला बिचकत असेल तर त्याला सांगा की रंगांचं प्रमाण किंवा दर नकोत, फक्त इंधन हवं.

एकाच मीटरवरच्या मागांसाठी प्रत्येकाच्या मोटारींची अश्वशक्ती गुणिले चाललेले तास, या प्रमाणात युनिट वाटा. मागांच्या संख्येवर वाटणी करू नका. साधा यंत्रमाग आणि कॉम्प्रेसरवर चालणारा एअरजेट यांच्या विजेची बरोबरी होत नाही. कायमचा उपाय म्हणजे ज्याचा त्याचा सबमीटर.

8. आपला माल जर्मनीत वापरला जातो. मग उत्सर्जन जर्मनीच्या खात्यात का नाही?

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराखाली देश आपापल्या हद्दीत झालेलं उत्सर्जन मोजतात. म्हणून चिंचोळीत जळलेला कोळसा भारताच्या खात्यात, टॉवेल कोणीही वापरो. ‘जो वापरतो त्याच्या नावावर’ अशी दुसरी पद्धतही अभ्यासक वापरतात. त्या पद्धतीने पाहिलं तर जगातल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा देशादेशांत ये-जा करणाऱ्या मालात दडलेला असतो, आणि भारत आयातीपेक्षा निर्यातीतून जास्त कार्बन बाहेर पाठवतो. हा अन्यायाचा मुद्दा खरा आहे आणि तो वाटाघाटींत मांडलाच पाहिजे. पण बायरचा फॉर्म भरताना त्याचा उपयोग नाही. बायर विचारतो तो तुमच्या मालामागचा आकडा आणि तो त्याच्या स्वतःच्या स्कोप 3 मध्ये जातो.

9. जहाजाने पाठवलं तर किती, विमानाने किती?

40 फुटी कंटेनरमध्ये 10 टन टॉवेल, सोलापूर ते न्हावा शेवा आणि पुढे रॉटरडॅम, असं उदाहरण घेऊ.

रस्ता: साधारण 400 किलोमीटर. माल फॅक्टरीतच भरायचा असेल तर रिकामा कंटेनर आधी बंदराकडून सोलापूरला येतो, म्हणजे फेरी 800 किलोमीटरची. रिकामा येताना लिटरला 4 आणि भरून जाताना 3 किलोमीटर धरले तर एकूण 233 लिटर, म्हणजे सुमारे 625 किलो. रिकामी खेप विसरणं ही इथली नेहमीची चूक.

समुद्र: सुएझमार्गे सुमारे 12,000 किलोमीटर. टन-किलोमीटरला (एक टन माल एक किलोमीटर नेण्याला) 12 ग्रॅम धरले तर 1,440 किलो.

विमान: मुंबईहून सुमारे 7,000 किलोमीटर, टन-किलोमीटरला 600 ग्रॅम. होतात 42,000 किलो.

जहाजाच्या जवळपास 30 पट. ऑर्डर उशिरा निघाली आणि दंड टाळायला माल विमानाने पाठवला, तर त्या खेपेपुरता प्रश्न 5 मधला 2.53 किलोचा आकडा वाहतुकीनेच मागे पडतो: विमानाचे किलोमागे 4.2 किलो. वेळेवर रंगाई होणं हा कार्बनचाही विषय आहे.

टॉवेल हलका आणि फुगीर असतो, कंटेनर वजनाने नव्हे तर जागेने भरतो. टन-किलोमीटरचे आकडे सरासरी जड मालावर बसवलेले असल्याने ते टॉवेलला कमी पडतात. शिपिंग कंपनी कंटेनरमागचा आकडा देत असेल तर तोच घ्या. आणि गाठी दाबून बांधल्या तर त्याच कंटेनरमध्ये जास्त माल मावतो, भाडंही वाचतं.

10. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात, त्याने काय फरक पडतो? आणि भाड्याच्या बिलात हा ‘उत्सर्जन अधिभार’ कसला?

2023 च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी केप ऑफ गुड होपचा मार्ग धरला. अंतर 12,000 वरून 20,000 किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे वरच्या उदाहरणातले 1,440 किलो 2,400 होतात. खेप प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने गेली ते शिपिंग लाइनच्या ट्रॅकिंगवर दिसतं. तोच मार्ग लिहा.

अधिभार वेगळा. जानेवारी 2024 पासून युरोपीय संघाची कार्बन बाजारव्यवस्था जहाजांनाही लागू झाली. युरोपबाहेरून येणाऱ्या फेरीचं निम्मं उत्सर्जन मोजलं जातं. त्यापैकी 2024 च्या उत्सर्जनाचे 40 टक्के, 2025 चे 70 टक्के आणि 2026 पासून पूर्ण 100 टक्के यांच्यासाठी परवाने घ्यावे लागतात. शिपिंग कंपन्या तो खर्च भाड्यात लावतात. दर ठरवताना हा अधिभार कोणाच्या माथी, हे करारात आधीच लिहा.

11. डाळिंब नाशवंत. ते विमानानेच पाठवावं लागणार ना?

आता तसं राहिलेलं नाही. डिसेंबर 2024 मध्ये सोलापूर भागातल्या डाळिंबांची 5.7 टनांची खेप समुद्रमार्गे निघाली आणि जानेवारी 2025 मध्ये सिडनीला पोहोचली. तोडणीची योग्य अवस्था, लगेच पूर्वशीतकरण आणि वाटेत न तुटणारी शीतसाखळी हे तिन्ही जमलं तर भगवा वाण हा प्रवास झेपवतो. रीफर (शीत) कंटेनरला साध्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि त्यातला शीतक वायू गळला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक तापमान वाढवतो. तरीही विमानाच्या तुलनेत बेरीज खूप खाली राहते. पण माल सडून फेकावा लागला तर पिकवण्यापासूनचं सगळं उत्सर्जन वाया जातं. म्हणून कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारा लॉगर टाकायला कुचराई करू नका. दीड-दोन हजारांचं ते यंत्र तापमान कधी चढलं ते तासासकट दाखवतं, त्यावरून वीजपुरवठा कुठल्या बंदरावर तुटला ते काढता येतं.

12. युरोपचा ‘सीबॅम’ हा आयात मालावरचा कार्बन कर टॉवेलला लागतो का?

नाही. सीबॅममध्ये सध्या सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज एवढंच आहे. कापड नाही. ऑक्टोबर 2023 ते डिसेंबर 2025 हा फक्त माहिती देण्याचा काळ होता, 1 जानेवारी 2026 पासून पैशांची जबाबदारी सुरू झाली. ती युरोपातल्या आयातदाराची. तुम्हाला कोणी थेट बिल पाठवत नाही. ‘तुमच्या टॉवेलचं सीबॅम रजिस्ट्रेशन करून देतो’ असं म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

13. आमची फाउंड्री आहे, वाहनांचे सुटे भाग युरोपला जातात. मग आम्हाला लागेल?

भाग कशाचा बनलाय त्यावर नव्हे, सीमाशुल्क कोडवर ठरतं. नट-बोल्ट 7318 खाली येतात, त्यांना सीबॅम लागतो. कॅमशाफ्ट 8483 खाली येतो, तो यादीत नाही, जरी दोन्ही लोखंडाचेच असले तरी. शिपिंग बिलावरचा आठ अंकी कोड काढा आणि युरोपच्या यादीशी पडताळा. शिवाय वर्षाला एकूण 50 टनांपर्यंत असा माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे. ही मर्यादा आयातदाराच्या एकूण खरेदीवर मोजतात, तुमच्या एकट्याच्या मालावर नाही. तुम्ही 8 टन पाठवले तरी त्याने इतरांकडून 60 टन घेतले असतील तर आकडे द्यावेच लागतील.

14. ‘डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट’ म्हणजे काय? त्याची तयारी आतापासून करायची का?

वस्तूवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की धागा कुठला, रंगाई कुठे, पुनर्वापर कसा ही माहिती दिसावी, अशी ती व्यवस्था. युरोपीय संघाचा त्यासाठीचा मूळ नियम 18 जुलै 2024 पासून अमलात आहे, आणि एप्रिल 2025 च्या कार्ययोजनेत कापडाला, मुख्यतः कपड्यांना, अग्रक्रम आहे. आजच सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. सवय मात्र आत्ताच लावा: प्रत्येक लॉटला एक क्रमांक, आणि तोच क्रमांक सुताच्या बिलावर, डाईंगच्या चलनावर, पॅकिंग लिस्टवर. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. माल खरोखर इथला आहे हे याच लॉट क्रमांकांच्या साखळीने दाखवता येईल.

15. इंटरनेट, ईमेल, एआय यांचंही प्रदूषण होतं म्हणतात. ऑफिसमध्ये ते कमी करावं का?

जगाच्या पातळीवर तो भार खरा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनुसार 2024 मध्ये डेटा सेंटरनी सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का, आणि 2030 पर्यंत ती दुपटीहून जास्त होण्याचा अंदाज आहे. पण तुमच्या युनिटच्या मापाने पाहा. गूगलने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं की जेमिनीला विचारलेल्या एका सर्वसाधारण लेखी प्रश्नाला 0.24 वॉट-तास लागतात. एक अश्वशक्तीची मागाची मोटार पूर्ण भाराने आठ तास चालली तर साधारण 6 युनिट, म्हणजे असे 25,000 प्रश्न. जुने ईमेल पुसत बसण्यापेक्षा तोच अर्धा तास कॉम्प्रेसरच्या पाइपलाइनवर घालवा. संगणक आणि मोबाइलचं बहुतांश उत्सर्जन ते बनवतानाच झालेलं असतं, म्हणून दोन वर्षांऐवजी पाच वर्षं वापरणं हा खरा फायदा.

16. स्मार्ट सबमीटर आणि सॉफ्टवेअर बसवलं तर उत्सर्जन कमी होतं का?

मीटरने होत नाही. मीटर पाहून कोणीतरी उठून दुरुस्ती केली तर होतं.

हवेच्या लाइनला 7 बार दाबावर 3 मिलिमीटरचं एक छिद्र असेल तर कॉम्प्रेसर त्यासाठी साडेतीन किलोवॉटच्या आसपास वीज खातो. वर्षाला 6,000 तास चालवला तर 21,000 युनिट, म्हणजे 15 टन कार्बन डायऑक्साइड, आणि ते बिलाचे पैसे वेगळेच. हे छिद्र दिवसा मागांच्या खडखडाटात ऐकू येत नाही. सुटीच्या दिवशी सगळे माग बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि सबमीटर पाहा. माग बंद असताना जी वीज जाते तिच्यात गळतीचा मोठा वाटा असतो. मग साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड, कपलिंग, ड्रेन कॉक तपासा. बुडबुडा आला तिथे खडूने खूण करा.

सॉफ्टवेअर नंतर. सुरुवातीला एक एक्सेल शीट पुरते: महिना, किलोवॉट-तास, इंधन प्रकारानुसार किलो, डिझेल लिटर, तयार मालाचे किलो. ती कोण भरणार त्याचं नाव ठरवा. महागडी प्रणाली घेऊन त्यात अंदाजाने आकडे भरणारी युनिटं पडताळणीत अडकतात आणि बिलांची साधी फाइल नीट ठेवणारी सुटतात.

17. छतावर सोलर आहे, नेट मीटरिंग आहे. बिल जवळपास शून्य येतं. स्कोप 2 पण शून्य लिहू?

नाही. बिल निव्वळ युनिटवर (ग्रिडकडून घेतलेले वजा ग्रिडला दिलेले) येतं, पण रात्रपाळीत तुम्ही ग्रिडमधूनच वीज घेतलेली असते. स्कोप 2 साठी ‘आयात’ युनिट घ्या; दिवसा ग्रिडला दिलेले ‘निर्यात’ युनिट त्यातून वजा करू नका. सोलर मीटरचं एकूण उत्पादन आणि स्वतः वापरलेला भाग वेगळा दाखवा. आणि या विजेची प्रमाणपत्रं दुसऱ्याला विकली असतील तर ‘आमचा माल सौर विजेवर’ असं लेबलवर लिहिता येत नाही. एकच गोष्ट दोनदा विकल्यासारखं होतं ते.

18. कार्बन क्रेडिट (दुसरीकडे उत्सर्जन कमी केल्याचं प्रमाणपत्र) विकत घेऊन ‘कार्बन न्यूट्रल टॉवेल’ असं छापलं तर?

युरोपला जाणाऱ्या मालावर छापू नका. ग्राहकांची दिशाभूल रोखणारे तिथले नवे नियम 27 सप्टेंबर 2026 पासून लागू आहेत. केवळ क्रेडिटच्या जोरावर उत्पादनाला ‘न्यूट्रल’ म्हणायला त्यांत बंदी आहे. त्याऐवजी मोजलेला आकडा आणि वर्ष लिहा.

19. सगळं बरोबर भरूनही बायरच्या पोर्टलने फॉर्म परत पाठवला. काय चुकतं?

बहुधा आकडा नाही, त्याची मांडणी. जर्मन पद्धतीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला बिंदू असतो. तुम्ही 2.530 लिहिलं तर तिथे ते दोन हजार पाचशे तीस वाचलं जातं. आपल्या लाखाच्या स्वल्पविरामाचंही तसंच: 1,50,000 ऐवजी नुसतं 150000 लिहा. एकक तपासा, टन मागितलेल्या रकान्यात किलो गेले की उत्सर्जन हजारपट दिसतं. वर्ष तपासा: त्यांचं जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. आणि बिलाचा महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना नव्हे, रीडिंगची तारीख पाहा.

तरीही परत आला तर पोर्टलवर पुन्हा पुन्हा भरू नका, प्रत्येक वेळी जुनी नोंद तशीच राहते आणि बेरीज दुप्पट होते. बायरच्या माणसाला बारा बिलांची पीडीएफ आणि प्रश्न 5 सारखी पानभर आकडेमोड पाठवा, आणि आधीची नोंद काढून टाकल्याचं लेखी कळवायला सांगा.